काकांचं पहिलं ‘नको’

मुलगी जर्मनीत काय करते, असं माझ्या आईला गेली पाच वर्षं लोक विचारतात आणि गेली पाच वर्षं आई ‘कायद्यात पीएचडी’ एवढं सांगून विषय बदलते. ते खोटं नाही. पण कोणता कायदा, हे ती सांगत नाही, कारण एकदा सांगून बघितलं होतं. आठशे वर्षांपूर्वी चर्चमध्ये मठाधिपती आणि बिशप कसे नेमायचे, त्याचा कायदा. सांगलीतल्या शेजारच्या बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तिला तिथल्या मठात नोकरी लागणार का?”

मला मात्र हा विषय मनापासून आवडतो. लोकांना वाटतं त्यात देवधर्म असेल. देवधर्म थोडा असतो, बाकी सगळे रुसवेफुगवे. मतं मोजायची की तोलायची, यावर ही मंडळी शतकानुशतकं भांडली. मठांच्या जुन्या नियमात असं आहे, की सगळ्यांनी मिळून एकाला निवडलं तर उत्तमच, पण थोड्या लोकांनी निवडलेला माणूसही चालेल, फक्त ते थोडे लोक जास्त शहाणे हवेत. शहाणे कोण, हे कोणी ठरवायचं, ते कुठेच धड सांगितलेलं नाही. त्यामुळे मठात दोन गट पडले की दोन्ही गट शहाणे. हे वाचताना मला परदेशात असल्यासारखं अजिबात वाटत नाही.

पुढे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये एक मोठी धर्मपरिषद भरली आणि तिने निवडणुकीच्या तीन रीती ठरवून दिल्या. पहिली रीत म्हणजे तीन विश्वासू माणसांनी एकेकाला बाजूला घेऊन मत विचारायचं आणि लिहून घ्यायचं. दुसरी म्हणजे सगळ्यांनी आपला हक्क काही जणांच्या हाती सोपवायचा आणि ते म्हणतील त्याला मान डोलवायची. तिसऱ्या रीतीत सगळ्यांच्या तोंडून एकदम एकच नाव निघायचं, जणू देवानेच ते वदवून घेतलं.

लुडविग्सहाफेनच्या आमच्या मराठी मंडळाची निवडणूक कायम या तिसऱ्या रीतीने व्हायची. देव दर वेळी काकांचं नाव वदवायचा.

काका तरुणपणी इथल्या रसायनांच्या कारखान्यात नोकरीला आले, तिथेच निवृत्त झाले, आणि मंडळ काढलं तेही त्यांनीच. माझ्या नात्यातले ते कोणी नाहीत. मी इथे आले त्या पहिल्याच हिवाळ्यात तापाने पडले होते, तेव्हा काकू दोन ट्रामा बदलून डब्यात मऊ भात घेऊन आल्या. त्या दिवसापासून त्या माझ्या काकू आणि ते माझे काका. मंडळाची पितळी गणपतीची मूर्ती वर्षभर अध्यक्षांच्या घरी असते. म्हणजे ती काकांच्याच घरी असायची, दिवाणखान्यातल्या हीटरपासून जरा लांब, कारण देवाला उकडतं असं काकूंचं म्हणणं. बिशपच्या नेमणुकीत त्याला अंगठी आणि दंड मिळायचा. आमच्या अध्यक्षांना मंडळाचा श्टेम्पेल, म्हणजे शिक्का, आणि हॉलच्या केलरची, म्हणजे तळघराची, किल्ली मिळायची. श्टेम्पेल काकांच्या कोटाच्या आतल्या खिशात असे. बाजारात भाजी घ्यायला गेले तरी असे.

दर दोन वर्षांनी दिवाळीच्या जेवणानंतर कोणीतरी म्हणायचं, “मग काय, काकाच ना?” टाळ्या पडायच्या. काका उठून हात जोडायचे. “नको, नको, आता दुसरं कोणीतरी करा.” त्यांचे जुने दोस्त ओरडायचे, “असं कसं, असं कसं!” काका पुन्हा नको म्हणायचे, दोस्त पुन्हा असं कसं म्हणायचे. तिसऱ्या वेळी काकू मागून सांगायच्या, “अहो, घ्या आता, कॉफी निवतेय.” आणि काका अध्यक्ष व्हायचे. मी हे दोनदा डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्यासारखीला तर ते फुकटचं फील्डवर्क होतं.

म्हणूनच एका रविवारी मी काकांना माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण सांगितलं. ते नकारावर आहे. मठाधिपती म्हणून निवडून आलेला साधू लगेच हो म्हणत नसे. म्हणाला तर संशय यायचा, कारण ज्याला खुर्ची हवी तो खुर्चीला नालायक, असा सर्वांचा पक्का समज. म्हणून तो आधी रडायचा, मी पापी आहे म्हणायचा, एखादा चक्क लपून बसायचा. मग बाकीच्यांनी त्याला शोधायचं आणि धरून वेदीपर्यंत आणायचं. शेवटी कायद्याने मुदतच घातली, की निवड कळल्यावर महिन्याच्या आत काय ते सांगा, नाहीतर हक्क गेला.

काका इतके खूश झाले, की त्यांनी चहा खाली ठेवला. “अगं, म्हणजे आपल्या पंगतीसारखंच! पहिल्या ‘नको’ला कोणी वाढायचं थांबतं का?”

“अगदी बरोबर, काका,” मी विद्वत्तेच्या भरात म्हणाले. “पहिला नकार हा नकार नसतोच. विचारणाऱ्याला ते माहीत असतं आणि नाही म्हणणाऱ्यालाही.”

हे माझंच वाक्य. मी ते नंतर प्रबंधातही घातलं.

गेल्या वर्षी मंडळाला नोंदणी कोर्टाकडून पत्र आलं. नोंदणी केलेल्या संस्थेची निवडणूक ‘सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या’ असं लिहून होत नाही, रीतसर मतदान घ्या, निवडणूक अधिकारी नेमा आणि सही केलेला प्रोटोकोल, म्हणजे सभेचं इतिवृत्त, नोटारमार्फत, म्हणजे नोटरीमार्फत पाठवा, असं त्यात होतं. निवडणूक अधिकारी कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंडळात माझी ओळख ‘कायदा शिकणारी’ अशी आहे. मी म्हणाले, माझा कायदा मेलेला आहे. ते म्हणाले, कायदा तो कायदा. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचा कोणाला तरी उपयोग होणार होता.

सभा रविवारी दुपारी, एका चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये होती. मी नमुन्याचा कागद, चिठ्ठ्या, पेट्या आणि दोन पेनं घेऊन गेले होते. हॉल भरला होता, पण ‘असं कसं’ म्हणणारी पिढी उरली नव्हती. एक जण पुण्याला मुलाकडे राहायला गेले होते, एकांचे गुडघे जिना चढू देत नव्हते, आणि एक तर मागच्या वर्षी गेलेच. त्यांच्या जागी आयटीतली मुलंमुली होती, त्यांच्या मांडीवर जर्मन बोलणारी बाळं होती. चांगली मंडळी सगळी. वेळेवर आली होती, यावरूनच काय ते समजा.

मतमोजणी झाली. एक चिठ्ठी सोडून सगळ्या काकांच्या नावाच्या. एक कोरी होती, आणि ती काकांची हे न सांगता सगळ्यांना कळलं. स्वतःलाच मत देणाऱ्यातले ते नव्हेत. मी नमुन्यातलं वाक्य आधी जर्मनमध्ये वाचलं आणि मग मराठीत विचारलं, “निवड मान्य आहे का?”

काका उठले. हात जोडले. “नको, नको. आता तरुणांनी करावं.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा हसरा, एक भुवई जराशी वर. आज मला ती भुवई स्वच्छ दिसते. त्या दिवशी मी मान खाली घालून रकाना शोधत होते. ‘निवड नाकारली’ असा एक चौकोन होता. मी त्यात फुली मारली.

मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, हे निरोपाचं भाषण. पुढच्या रांगेतले उभे राहिले. पाहुण्यांसाठी आणलेला गुच्छ कोणीतरी काकांच्या हातात दिला. काका गुच्छ धरून उभेच. ते कोणाची तरी वाट पाहत होते. काकू त्या वेळी मागच्या स्वयंपाकघरात कॉफी गरम करत होत्या. शेवटी काका हळूच खाली बसले.

मी पुढचा मुद्दा वाचला. दुसरं कोणी इच्छुक? सगळे आपापल्या बुटांकडे पाहायला लागले. एकटे नेकारसुल्मचे एक प्रोजेक्ट मॅनेजर, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधले, तासभर गाडी चालवून आलेले, चुकून वर पाहत होते. “तुम्ही?” मी विचारलं. “या, गेनाऊ, करू की,” ते म्हणाले. जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे हो आणि ‘गेनाऊ’ म्हणजे अगदी बरोबर. भराभर हात वर झाले आणि दीड मिनिटात त्यांची निवड झाली, मान्य झाली आणि लिहूनही झाली. परतीच्या ट्राममध्ये मी माझा प्रोटोकोल दोनदा वाचला. एकही खाडाखोड नव्हती. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला.

“अगं, तू ते लिहून घेतलंस?”

“काकू, ते नको म्हणाले.”

“बेचाळीस वर्षं ते माझ्या हातचं श्रीखंडसुद्धा पहिल्यांदा नकोच म्हणतायत. मी कधी लिहून घेतलं का?”

मग काकू आवाज खाली आणून म्हणाल्या, “गणपतीचं खोकं काढून बसलेत. मूर्ती कागदात गुंडाळतात, परत सोडतात, पुसतात, परत गुंडाळतात. नेकारसुल्मला पाठवायचीय ना आता. सकाळपासून तिसरी वेळ. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणतात, आणि ते मात्र खरं बोलतायत.”

“चिडलेत का माझ्यावर?”

“चिडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, तिला तरी माहीत होतं, तिनेच मला सांगितलं होतं.”

फोन ठेवला तेव्हा मला इतकी लाज वाटली, की मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. त्या गृहस्थांनी चारचौघांत निर्धास्त ‘नको’ म्हटलं होतं ते माझ्या भरवशावर. जुने दोस्त नव्हते तरी त्यांना चिंता नव्हती, कारण विचारणारी मी होते. पहिल्या नकारावर ऐंशी पानं लिहिणारी मी. आणि मी फुली मारली.

माझे प्रोफेसर म्हातारे आहेत आणि चहात साखर घालून घेताना सोडलं तर कधी घाई करत नाहीत. मी त्यांना सगळी हकीगत सांगितली. त्यांनी चौथं प्रकरण काढलं, चष्मा लावला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “आल्झो, तर मग, इथे तुम्ही लिहिलंय, पहिला नकार शब्दशः कोणीच घेत नसे. हे ‘कोणीच’ बदलावं लागेल. आता आपल्याकडे एक उदाहरण आहे.”

मला हसू आलं नाही. त्यांना फार आलं.

त्याच आठवड्यात नेकारसुल्महून नव्या अध्यक्षांचा फोन आला. “ताई, मला यातून सोडवा ना. बायको बोलत नाहीये माझ्याशी. म्हणते, गणपती येणार म्हणजे वर्षभर घरात सोवळं पाळायचं का, आणि मंडळाच्या मीटिंगला दर वेळी दोन तास गाडीत कोण बसणार?”

“मग तुम्ही हो कशाला म्हणालात?”

“सवय हो. ऑफिसमध्ये मीटिंगला सगळे गप्प बसले की मीच हो म्हणतो. नंतर घरी येऊन पस्तावतो.”

म्हणजे ज्यांना हवं होतं ते नको म्हणाले, ज्यांना नको होतं ते हो म्हणाले, आणि मी दोघांचंही अक्षरशः खरं मानून खाली सही केली. एवढा स्वच्छ मूर्खपणा मला जुन्या कागदांतही कुठे सापडला नाही.

वाट सरळ होती. त्यांनी राजीनामा द्यायचा आणि पुन्हा सभा घ्यायची. सभेची तारीख मी महिन्याच्या आतली धरली. जर्मन कायद्याला त्याची गरज नव्हती, माझ्या कायद्याला होती. मग मी काकांना वगळून एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि सगळ्यांना शिकवायला घेतलं. काका पहिल्यांदा ‘नको’ म्हणतील. टाळ्या वाजवायच्या नाहीत. ‘असं कसं’ असं मोठ्याने म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हणतील, तेव्हा आणखी मोठ्याने. तिसऱ्या वेळी काकू स्वयंपाकघराच्या दारात येतील.

मंडळी कामाची. एकाने विचारलं, मध्ये किती सेकंद थांबायचं? एकीने स्लाइड करून टाकली, तीन बाण आणि शेवटी कॉफीचा कप. इथेच वाढलेल्या एका मुलीने जर्मनमध्ये लिहिलं, माणूस नको म्हणतोय तर त्याला त्रास कशाला द्यायचा, त्याला खरंच नको असेल तर? तिचं काही चूक नव्हतं. खरं नको आणि खोटं नको यांतला फरक मला लिहून सांगता येईना. मी एवढंच लिहिलं, की काकांनी मूर्ती अजून खोक्यात ठेवलेली नाही. तिने अंगठा पाठवला.

काकांना सभेला आणणं काकूंकडे होतं. “मी कशाला आता, नको,” असं ते म्हणाले म्हणे, आणि काकूंनी त्यांच्या अंगात कोट चढवला.

पुन्हा तोच हॉल, त्याच पेट्या. काका शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले होते. आधीच्या तीन आठवड्यांत ते वाळल्यासारखे दिसत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. चिठ्ठ्या मोजल्या. सगळ्याच्या सगळ्या काकांच्या नावाच्या. मी पुन्हा मोजल्या, कारण कोरी चिठ्ठी कुठे दिसेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यावेळी काकांनी स्वतःला मत दिलं आहे.

मी नमुना उचलला. पुढच्या रांगेतल्या लोकांनी छाती भरून श्वास घेतला. “निवड मा...”

“या!” काका ताडकन उभे राहिले. हात वर, शाळेत हजेरीला करतात तसा. “या, इष नेमे दी वाल आन! मान्य आहे! मान्य!”

हॉल गार. असं काही होईल, हे स्लाइडवर नव्हतं. तीन बाणांची तयारी करून आलेली ती सगळी माणसं श्वास रोखून बसली होती, आणि त्या श्वासाचं काय करायचं ते कोणाला सुचेना. मग पहिल्या रांगेतून नेकारसुल्मच्या साहेबांनी, शांतता सहन न होऊन, सवयीने सुरुवात केली. “असं कसं, काका!”

“अरे, हो म्हणालोय मी!”

“असं कसं, असं कसं!” आता अख्खा हॉल ओरडत होता. बाळं रडायला लागली. “घ्यायलाच पाहिजे! तुम्हीच पाहिजे!”

“घेतलंय रे बाबांनो!”

“असं कसं!” तिसऱ्यांदा. इथेच वाढलेली ती मुलगीसुद्धा खुर्चीवर चढून ओरडत होती, आणि बरोबर ठरल्यासारख्या काकू दारात आल्या. आत भांड्यांच्या आवाजात त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी पदराला हात पुसले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “अहो, घ्या आता, कॉफी निवतेय.”

काका हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदम. मी त्यांच्याजवळ गेले. माफी मागायची होती, शब्द तयार होते, पण त्यांनी आधीच माझा हात धरला. “इथे एकदाच विचारतात गं,” ते हळू म्हणाले. “माझ्या ते लक्षातच राहिलं नव्हतं. म्हणून यावेळी घाई केली.”

प्रोटोकोलमध्ये मी जे घडलं ते लिहिलं. निवड मान्य. त्यानंतर उपस्थितांकडून तीन वेळा आग्रह. नोटारच्या ऑफिसातल्या बाईंनी फोन करून विचारलं, ही दोन वाक्यं उलटसुलट झालीत का? मी म्हणाले, नाही, क्रम बरोबर आहे. त्या म्हणाल्या, ठीक आहे, कायद्याने आग्रहाला बंदी नाही.

पुढच्या रविवारी काकांनी मला जेवायला बोलावलं. गणपती हीटरपासून लांब, आपल्या जागी होता. काकूंनी क्वार्कचं श्रीखंड केलं होतं. क्वार्क म्हणजे इथला तयार चक्का, टांगायची भानगड नाही, पण जायफळ काकू सांगलीतल्या माझ्या आईपेक्षा चांगलं घालतात, हे आईला कोणी सांगू नये. पहिली वाटी संपली. काका पातेलं घेऊन आले, पळी भरली आणि विचारलं, “आणखी?”

“नको, नको, काका,” मी म्हणाले आणि वाटीवर हात आडवा धरला. बोटांत चांगली फट ठेवून.

काकांनी पळी पातेल्यात परत टाकली. झाकण ठेवलं. पातेलं घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसले आणि काकूंना म्हणाले, “नको म्हणाली. लिहून घे.”

मी हात तसाच आडवा धरून बसले. जेमतेम अर्धं मिनिट गेलं असेल. आणि त्या अर्ध्या मिनिटात गुच्छ धरून उभे राहिलेले काका मला जसे दिसले, तसे आधीच्या सगळ्या दिवसांत रडूनही दिसले नव्हते.

“कळलं?” काकांनी विचारलं.

“कळलं.”

“मग वाढू?”

“नको,” मी म्हणाले, आणि त्यांनी वाढलं.